प्रार्थना तर करूच, पण आधी कूलर सुरू करून द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मागचे काही रविवार एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांबद्दल वाचकांची पत्रं येऊन राहिली, मी सगळी वाचली. कोणी सोसायटीबद्दल लिहिलं, कोणी भजनी मंडळाबद्दल, कोणी विहारातल्या लोकांबद्दल, चर्चबद्दल मात्र कोणीच काही लिहिलं नाही म्हणून म्हटलं आपणच लिहावं. आमचं नाव पेपरात येतं ते गुड फ्रायडेला आणि नाताळला, सदरच्या कॅथेड्रलच्या लायटिंगचा फोटो आणि खाली 'ख्रिस्ती बांधवांनी उत्साहात साजरा केला', झालं. बाकी लोकांना आम्ही माहीत म्हणजे कॉन्व्हेंटची ॲडमिशन, हिस्लॉप कॉलेज आणि डिसेंबरमधला केक. मंडळीच्या, म्हणजे एका चर्चच्या सगळ्या सभासदांच्या, आत माणसं एकमेकांना धीर कसा देतात आणि कुठे कमी पडतात हे बाहेर कोणाला ठाऊक नाही, आणि आतल्यांना त्यावर बोलायला फारसं आवडत नाही.

मी रिटायर्ड नर्स आहे. आमच्या समाजात दर दुसऱ्या घरात एक नर्स आणि एक मास्तर सापडतोच, त्यात नवल काही नाही, पण नर्सला एक गोष्ट दिसते जी पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनाही दिसत नाही, ती म्हणजे भेटायला आलेले लोक निघून गेल्यावर पेशंटचं तोंड कसं होतं ते. आजाऱ्याला भेटायला जाणं ही आमच्याकडे मोठी सेवा समजतात, समजायलाच पाहिजे, बायबलमधल्या मत्तयच्या २५ व्या अध्यायात येशूने स्वतः सांगितलंय. पण जातात कसे तेही पहा. एका हॉस्पिटलात बायपास झालेले एक काका होते, संध्याकाळी भेटायच्या वेळेला मंडळीतले दहा-बारा जण आले, बायबलं घेऊन, गाण्याची पुस्तकं घेऊन, एकाच्या खांद्याला तर गिटार. गाणं झालं, वचन म्हणजे बायबलमधला उतारा वाचून झाला, मग एका वडीलधाऱ्यांनी प्रार्थना सुरू केली ती बायबलच्या सुरुवातीच्या अब्राहामापासून, इसहाक याकोब करत करत मोशेपर्यंत आली तरी काकांचं नाव काही येईना. काकांचे पाय चादरीखाली हलत होते, मला लगेच समजलं काय ते, पण सांगतील कोणाला, सगळ्यांचे डोळे मिटलेले. शेवटी मी पडदा ओढला आणि म्हटलं, "आता आमेन म्हणा बाप्पा, पेशंटला लघवीला जायचंय."

काकू बाहेर बाकावर बसून होत्या, सकाळपासून पोटात चहासुद्धा नव्हता. बाकीचे सगळे लिफ्टकडे गेले, त्यातला एक पोरगा तेवढा मागे राहिला, रेल्वेत कामाला आहे, गाण्यात त्याचा आवाजही धड लागत नाही. तो म्हणाला, "काकू, घराची चावी द्या, मोत्याला खायला घालून येतो, येताना तुमचा चार्जर आणतो, अजून काय आणू?" इतका वेळ गाण्याला, वचनाला, प्रार्थनेला काकूंच्या डोळ्यात टिपूस नव्हता, चार्जरचं नाव काढलं आणि त्या ढसाढसा रडल्या.

आता लगेच कोणी म्हणेल की बाई प्रार्थनेच्या विरोधात बोलून राहिल्या. नाही हो. नाइट ड्युटीला माझी स्वतःची कितीतरी प्रार्थना ड्रिपचे थेंब मोजता मोजता झाली आहे. पण बायबलमध्येच एलीयाची गोष्ट आहे ना, १ राजे १९ वा अध्याय. इतका मोठा संदेष्टा, ईजबेल राणीच्या धमकीला घाबरून रानात पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि म्हणाला देवा आता पुरे झालं, माझा जीव घे. तेव्हा देवाने काय केलं? प्रवचन नाही दिलं, 'तुझा विश्वास कुठे गेला' असंही नाही विचारलं. आधी झोपू दिलं, मग देवदूताने हात लावून उठवलं, ऊठ खा, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलेलं. खाऊन तो परत झोपला, तर परत उठवून परत खाऊ घातलं, आणि मग कुठे होरेब डोंगरापर्यंत चालायची ताकद आली, देवाचं त्याच्याशी बोलणं तिथे झालं. मला तर हा नर्सिंगचा चार्टच वाटतो, रेस्ट, फीडिंग, फ्लुइड, आणि कौन्सेलिंग सगळ्यात शेवटी. बायबलमध्येच ईयोब आहे, सगळं गमावून बसलेला, त्याच्या मित्रांचंही तसंच, सात दिवस सात रात्री गप्प त्याच्याजवळ जमिनीवर बसले तोवर फार चांगले होते, तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं.

आमच्या मंडळीत मला सगळ्यात मोठं धीराचं काम कोणतं दिसलं विचाराल तर कूलरचं. हसू नका. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगू, मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जातो, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा कूलर म्हणजे खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर वर्षभर धूळ खात पडलेला डबा. आमच्या तरुण संघाच्या पोरांनी मार्चमध्ये एक यादी केली, कोणाकोणाच्या घरी कूलर लावून द्यायचे त्याची, आणि शनिवारी दुपारी दोघं-तिघं मिळून जायला लागले. मी एका घरी सोबत होते. एका पोराने तिन्ही बाजूच्या जाळ्या काढून जुनी खस फेकली, हाताला काटे टोचले तर ओरडला, दुसऱ्याने पंप उघडला तर त्यात पांढरा क्षार जमून दगड झालेला, तो जुन्या टूथब्रशने आणि लिंबाने घासत बसला, आणि आजी खुर्चीवर बसून सूचना देऊन राहिल्या, "अरे वायर पाहा आधी, मागच्या वर्षी शॉक लागला होता मले." नवीन खस बांधली, टाकीत पाणी भरलं, स्विच टाकला, पहिले पाच मिनिटं तो ओल्या खसचा वास आला ना घरात, आजींनी डोळे मिटून घेतले. मग पोरांना सरबत देता देता त्यांनी मुलाबद्दल सांगितलं, पुण्याला आहे, फोन करत नाही, त्यावरून मंडळीत लोक काय बोलतात म्हणून त्यांनी महिला मंडळात येणंच बंद केलं होतं. हे त्यांनी पाळकांना सांगितलं नव्हतं, मला सांगितलं नव्हतं, कूलर लावणाऱ्या पोराला सांगितलं. हातात काम असलं की माणूस मोकळं बोलतो, समोर बसून 'काय प्रॉब्लेम आहे तुमचा' विचारलं की तोंड शिवून घेतो.

व्हॉट्सॲप ग्रुपवर आमचं एकदम उलट चालतं. कोणी टाकलं की मुलाची नोकरी गेली, प्रार्थना करा, की खाली रांगच लागते, आमेन आमेन आमेन, जोडलेले हात, गुलाबाच्या फोटोवर वचन, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचे केक येऊन पडतात. त्यातल्या एकाने जरी फोन करून विचारलं ना, पोरगं काय शिकलंय, बायोडाटा पाठवा, बुटीबोरीला आमच्या ओळखीचे आहेत, तर ते आमेन खरं होईल. मी तर आता ग्रुपवर आमेन टाइप करायच्या आधी फोन लावते, लागला तर बोलते, नाही लागला तर मग टाइप करते.

पण सगळा दोष देणाऱ्यांवर टाकून चालणार नाही, घेणाऱ्यांचंही बोलते. आमचे लोक मागतच नाहीत. कर्ज झालं, नवरा पितो, मुलीचं लग्न मोडलं, तर चर्चमध्ये यायचं बंद करतात आणि विचारलं तर 'तब्येत बरी नव्हती' म्हणतात, कारण मनात भीती असते की लोक म्हणतील यांचा विश्वास कमी पडला. काहून बरं? येशूचा प्रेषित पौल, त्याच्याएवढा विश्वास कोणाचा होता? तो तुरुंगातून आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला लिहितो (२ तीमथ्य, ४ था अध्याय), सगळे सोडून गेले, एकटा लूक माझ्याजवळ आहे, तू लवकर ये, येताना त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये, पुस्तकं आण, आणि हिवाळ्याच्या आत यायचं बघ. म्हणजे सरळ सरळ सांगितलं की मला थंडी वाजते, मला एकटं वाटतं, आणि कोणती वस्तू कोणाच्या घरी आहे त्याचा पत्ता पण दिला! 'माझ्यासाठी प्रार्थना करा' एवढंच मोघम लिहून सोडलं नाही. तसं मागता आलं पाहिजे आपल्याला, मंगळवारी डायलिसिसला सोडायला कोणी आहे का, दोन महिने मुलाची गणिताची शिकवणी कोणी घेईल का. असं नेमकं सांगितलं की समोरच्यालाही जमतं, नाहीतर बिचारा 'काही लागलं तर सांगा' म्हणून निघून जातो, आणि ते कधी कोणी सांगत नाही.

इथे एक गोष्ट नर्स म्हणून बजावून सांगते. मनाच्या आजाराला, डिप्रेशनला, 'उपास धरा, गोळ्या सोडा' असा सल्ला देणारे प्रत्येक चर्चमध्ये एक-दोन असतातच. असा सल्ला देऊ नका आणि ऐकूही नका. शुगरची गोळी घेताना कोणी विश्वासाचं काढत नाही, मग डोक्याच्या गोळीला काय झालं? डॉक्टरकडे न्या, सोबत बसा, आणि सरकारची टेली मानस म्हणून हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. हा नंबर चर्चच्या नोटीस बोर्डवर लावायला सांगितला तेव्हा एकदोघांनी तोंड वाकडं केलं, पण लावला.

सगळ्यात अवघड म्हणजे जो एकदा पडला त्याला परत उभं करणं. बायबलमधल्या बर्णबाचं नाव आमच्याकडे प्रवचनात नेहमी येतं, शेत विकून पैसे प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांच्या पायाशी ठेवले वगैरे, पण त्याचं खरं मोठं काम पुढे आहे. शौल (पौलाचंच आधीचं नाव) यरुशलेमेत आला तेव्हा सगळे त्याला भ्यायचे, कालपर्यंत आपल्याच लोकांना पकडून नेणारा माणूस, कोण विश्वास ठेवणार, तर बर्णबाने त्याला हाताशी धरून प्रेषितांपुढे नेलं. आणि तोच शौल पौल झाल्यावर, योहान मार्क नावाचा सोबती प्रचाराच्या पहिल्या प्रवासात पंफुल्या प्रांतात सोडून गेला म्हणून त्याला परत सोबत न्यायला तयार नव्हता. त्यावरून पौलाचं आणि बर्णबाचं इतकं वाजलं की वेगळे झाले, पौल सीलाला घेऊन गेला, बर्णबा मार्कला घेऊन कुप्र बेटावर. म्हणजे धीर देण्यासाठी जवळच्या मित्राशी भांडण पत्करलं माणसाने! आणि त्याच झग्याच्या पत्रात पौलच लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगाचा आहे. मधली वर्षं मार्काच्या पाठीशी बर्णबा राहिला म्हणून ना.

आमच्या क्वायरमध्ये, म्हणजे चर्चच्या गाणाऱ्यांच्या गटात, एक मुलगा होता, कीबोर्ड इतका सुंदर वाजवायचा. त्याचा घटस्फोट झाला आणि तो यायचा बंद झाला, क्वायरवाल्यांनी दुसरा शोधला, चूक कोणाची याची चर्चा मात्र वर्षभर चालली. आमचे जुने क्वायर मास्टर, पंच्याहत्तरी ओलांडलेले, त्यांनी कमिटीत एकदाच सांगितलं की तो येईपर्यंत मी नाताळची प्रॅक्टिस घेणार नाही. फार ताणलं गेलं, दोन घरं रुसली, एका वडीलधाऱ्यांनी राजीनामा लिहून खिशात ठेवला. मास्टर त्या मुलाच्या घरी गेले तर घटस्फोटाचा विषयच काढला नाही, म्हणाले, "टेनरवाले दुसऱ्या कडव्यात पळून राहिले, मला ताल धरता येत नाही आता, तू ये." पोरगा आला. पहिल्या दिवशी मागच्या बाकावर बसला, कीबोर्डला हात लावला नाही, पण आला. पुढचं मी लिहीत नाही, अजून ते सुरूच आहे, आणि रुसलेलं एक घर अजून रुसलेलंच आहे.

दुसऱ्या चर्चच्या लोकांशी आम्ही कसे वागतो तेही लिहायला पाहिजे. कोणी आमची मंडळी सोडून दुसऱ्या फेलोशिपमध्ये गेला की आम्ही त्याच्या घरच्या दफनाला सुद्धा जात नाही, आणि तेही आमच्याकडे येत नाहीत. आता याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० ला सहा चर्चेस, म्हणजे इमारती नाही, वेगवेगळे ख्रिस्ती पंथ, एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स, मेथडिस्टांपैकी एक गट आणि आधीचं युनायटेड चर्च. बोलणी १९२९ पासून चालू होती, म्हणजे चाळीस वर्षं! बाप्तिस्मा लहानपणी द्यायचा की मोठेपणी यावर केवढा वाद, शेवटी दोन्ही चालेल असं ठरवून एका छताखाली आले. ज्या गावात एवढं झालं त्या गावात आपण कोणाच्या मयतीला जायचं ते मेंबरशिप पाहून ठरवतो, कमाल आहे.

मयतीवरून आठवलं. दफनानंतर पहिले पंधरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नसते, डबे इतके येतात की फ्रीजमध्ये मावत नाहीत. तिसऱ्या महिन्यात कोणी नसतं. आमच्या महिला मंडळातली एक बाई, शिकलेली फार नाही, पण तिच्याकडे एलआयसीची जुनी डायरी आहे, त्यात तिने मंडळीतल्या प्रत्येक मयताची तारीख लिहून ठेवली आहे आणि त्यापुढे पेन्सिलने बारीक बारीक नोंदी, 'यांना चहात साखर नको', 'मुलगी दुबईला, रविवारी फोन', 'नाताळला एकट्या'. त्या त्या महिन्यात ती जाते, भाजी निवडत बसते, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोलते. नाव घेणं महत्त्वाचं बरं का, आपण बिचारीला त्रास होईल म्हणून नाव टाळतो आणि तिला वाटतं सगळे विसरले. 'आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा' हे रोमकरांस पत्रातलं वचन मला पाठ आहे, पण त्या डायरीवाल्या बाईला ते येतं.

राहता राहिले आमचे पाळक आणि त्यांच्या घरचे. सगळ्यांना धीर द्यायचं काम त्यांचं, आणि त्यांना कोण देतं? शनिवारी रात्री दोन वाजता मेडिकल हॉस्पिटलला कोणाचा तरी ॲक्सिडेंट झाला तर तेच जातात, आणि सकाळी प्रवचनात जांभई दिली की त्याची चर्चा आम्ही पार्किंगमध्ये करतो. बदली झाली की मुलांची शाळा बदलते, पास्टर मॅडमने, म्हणजे पाळकांच्या बायकोने, कोणती साडी नेसली यावर सुद्धा बोलणारे आहेत. उपासना संपल्यावर दारात हात मिळवताना आपण 'छान झालं साहेब' म्हणतो आणि पुढे सरकतो, त्या छानला काही अर्थ नसतो. त्यापेक्षा प्रवचनातलं एक वाक्य सांगा जे घरी घेऊन चाललात, आणि काहीच आठवत नसेल तर निदान विचारा की साहेब काल झोप झाली का, मुलीची बारावी कशी चालू आहे, आणि बुधवारचा डबा आमच्याकडून पाठवू का.

आपली,
एक निवृत्त नर्स, सदर, नागपूर

ता.क. नाव छापू नका. कूलर आणि डायरीवरून आमच्या मंडळीत ओळखतीलच, ते चालेल.